नोंदणीचा फॉर्म स्क्रीन रीडरवर भरता यावा म्हणून: कामाच्या नोंदी

३ जून

कोणाला असंच काम करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय. फॉर्म एका प्रशिक्षण कोर्सच्या नोंदणीचा आहे. तीन पानं आहेत, नाव-पत्ता-जन्मतारीख, शिक्षण, फोटो अपलोड, मोबाइलवर ओटीपी आणि मग सबमिट. रिॲक्टमध्ये आहे, पण यातलं जवळपास सगळं साध्या एचटीएमएललाही लागू होईल.

आज फक्त ऐकलं, कोडला हात लावला नाही. विंडोजवर एनव्हीडीए टाकलं, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर), ते फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर म्हणून एक खिडकी मिळते त्यात बोललेलं सगळं लिहून येतं, ती उघडी ठेवायची, म्हणजे बग लिहिताना नेमकं काय ऐकू आलं ते तसंच्या तसं चिकटवता येतं.

आधी लाइटहाउस (वेबपान आपोआप तपासणारं टूल) चालवलं होतं आणि ॲक्सेसिबिलिटीचा स्कोअर छान आला होता. मग एनव्हीडीए लावून स्क्रीन बंद केली आणि टॅब दाबत निघाले तर पहिल्या पानावरच कळेना कुठल्या फील्डमध्ये आहे.

इथे एनव्हीडीएचे दोन मोड माहीत असायला हवेत, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ब्राउझ मोडमध्ये बाणांनी पानावरचा सगळा मजकूर वाचत जाता येतं, एच दाबलं की पुढचं हेडिंग, एफ दाबलं की पुढचं फॉर्म फील्ड. फील्डमध्ये शिरलं की फोकस मोड लागतो आणि मग दाबलेली अक्षरं फील्डमध्ये उमटतात. फॉर्म भरताना माणूस टॅबने एका फील्डवरून दुसऱ्यावर जातो, आणि तेव्हा फक्त फील्डला जोडलेलं ऐकू येतं. मधे लिहिलेला परिच्छेद, बाजूची लाल ओळ, वरचं हेडिंग, यातलं काही नाही. डोळ्याला जे शेजारी दिसतं म्हणून कळतं ते कानाला कळायचं तर कोडमध्ये जोडलेलं असावं लागतं. आमच्या फॉर्ममध्ये जवळजवळ काहीच जोडलेलं नव्हतं.

एक गोष्ट लगेच सुधारली. पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये इंग्रजी लिहिलेलं आणि मजकूर मराठी, त्यामुळे स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावून देवनागरी वाचायचा प्रयत्न करत होता. तिथे 'एमआर' (मराठीचा कोड) केलं, उच्चार सुधारले. एका ओळीचं काम आहे आणि सगळ्यात आधी करा, नाहीतर पुढची कुठलीच टेस्ट नीट ऐकू येत नाही.

५ जून

लेबलं. आमच्या फॉर्ममध्ये दिसणारी नावं होती, पण ती नुसती डिव्हमध्ये लिहिलेली, इनपुटशी संबंध नाही. आणि प्लेसहोल्डरमध्ये नमुने होते. इनपुटला दुसरं नाव सापडलं नाही की ब्राउझर प्लेसहोल्डरलाच नाव धरतो, त्यामुळे मोबाइलच्या फील्डवर "९८ ने सुरू होणारा नंबर, एडिट, ब्लँक" असलं काहीतरी ऐकू यायचं, आणि पूर्ण नावाच्या फील्डवर नमुन्यातल्या कोणाचं तरी नाव. ऑटोमॅटिक तपासणीला हे चालतं, कारण नाव रिकामं नाही एवढंच ती बघते. स्कोअर का चांगला आला ते इथे कळलं.

सगळीकडे खरी लेबल टॅग लावली, लेबलच्या फॉरमध्ये इनपुटचा आयडी. नमुने प्लेसहोल्डरमधून काढून फील्डच्या वर छोट्या सूचनेत नेले. एरवीही प्लेसहोल्डर टाइप करायला लागलं की नाहीसा होतो आणि त्याचा रंग इतका फिकट असतो की कमी दिसणाऱ्यांनाही तो उपयोगाचा नाही.

एवढं करूनही पत्त्याच्या भागात गोंधळ राहिला. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता दोन्हीसाठी एकच कॉम्पोनंट वापरलाय आणि त्यात आयडी हाताने लिहिलेले, म्हणजे पानावर एकाच आयडीची दोन इनपुट. लेबल पहिल्याला चिकटतं, दुसरं बिननावाचं राहतं. दिसायला काहीच फरक नाही, फक्त दुसऱ्या लेबलवर क्लिक केलं की कर्सर पहिल्या फील्डमध्ये जातो. ही क्लिक करून बघायची टेस्ट मला आता फार आवडते, स्क्रीन रीडर न लावता दोन मिनिटांत सगळा फॉर्म तपासून होतो. मग आयडी रिॲक्टच्या यूज-आयडी हुकने बनवले, तो दरवेळी वेगळा आयडी देतो.

आरिया-लेबल शक्य तिथे टाळलं (आरिया म्हणजे स्क्रीन रीडरसारख्या साधनांना माहिती देणारी एचटीएमएलमधली ॲट्रिब्यूट, आरिया-लेबलने फक्त त्यांच्यासाठी नाव देता येतं). दिसणारं नाव एक आणि आरिया-लेबलमध्ये दुसरं असं झालं की आवाजाने कॉम्प्युटर चालवणाऱ्यांची पंचाईत होते, ते दिसणारं नाव बोलतात आणि फील्ड सापडत नाही.

८ जून

सूचना आणि चांदणी. "चांदणी असलेली माहिती आवश्यक" असं पानाच्या वर लिहिलेलं आणि प्रत्येक लेबलला लाल चांदणी. स्क्रीन रीडरमध्ये विरामचिन्हांची पातळी ज्याची त्याने ठरवलेली असते, त्यामुळे कोणाला चांदणी ऐकू येते कोणाला नाही, आणि आली तरी वरची ओळ त्याने वाचली असेलच असं नाही. इनपुटला रिक्वायर्ड ॲट्रिब्यूट लावलं, आता "रिक्वायर्ड" ऐकू येतं. पण त्यातून एक नवीन त्रास निघाला. रिकाम्या फील्डवर नुसतं पोचलं की "इनव्हॅलिड एंट्री" ऐकू यायला लागलं, कारण ब्राउझरच्या हिशोबाने रिकामं आवश्यक फील्ड चुकीचंच असतं. अजून अक्षर टाइप केलं नाही तोवर चूक झाली असं ऐकवणं बरोबर नाही. सुरुवातीला आरिया-इनव्हॅलिड फॉल्स असं स्पष्ट लिहून ठेवलं, मग थांबलं.

सूचना आरिया-डिस्क्राइब्डबायने इनपुटला जोडल्या. हे चांगलं चालतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जोडलेला मजकूर सपाट होऊन वाचला जातो, त्यात यादी असो की लिंक, सगळी एकच सलग ओळ. आमच्या फोटोच्या सूचनेत "नमुना इथे पहा" अशी लिंक होती, ऐकणाऱ्याला ती लिंक आहे हेच कळत नव्हतं. ती सूचनेतून काढून फील्डच्या आधी वेगळी ठेवली, टॅबच्या वाटेत. दुसरं, लांबी. पाच ओळींची सूचना जोडली तर त्या फील्डवर परत आलं की दरवेळी पाच ओळी. एका वाक्यावर आणल्या सगळ्या, मजकूर लिहिणाऱ्यांशी त्यावरून थोडी ओढाताण झाली पण वाचणाऱ्यांसाठीही फॉर्म सुटसुटीत झाला.

११ जून

गट. "पूर्वी हा कोर्स केला आहे का?" आणि खाली हो, नाही. टॅबने गेलं की ऐकू येतं "हो, रेडिओ बटन". काय हो? प्रश्न परिच्छेदात होता, जोडलेला नव्हता. फील्डसेट आणि लेजंड वापरलं, आता गटात शिरताना प्रश्न ऐकू येतो आणि मग पर्याय. दोन्ही पत्त्यांनाही फील्डसेट केले, नाहीतर "गाव" दोनदा ऐकू येतं आणि कुठल्या पत्त्यातलं ते कळत नाही.

डिझाइनरचं म्हणणं होतं की लेजंड स्टाइल करायला त्रास देतो. देतो खरा, बॉर्डर आणि पॅडिंग शून्य करून फील्डसेटच्या आत एक डिव्ह टाकून लेआउट त्यावर केला की सुटतं. अर्ध्या दिवसाचं काम, जास्त नाही.

"सध्याचा पत्ता कायमच्या पत्त्यासारखाच" असा चेकबॉक्सही टाकला. एकदा दिलेली माहिती परत भरायला लावू नका हा नियम डब्ल्यूसीएजी (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) २.२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३ ला, आलाय. कानाने फॉर्म भरणाऱ्याचे पाच फील्ड भरायचे कष्ट वाचतात, हे मोठं आहे.

१४ जून

जन्मतारीख. इथे बराच वेळ गेला. आमचं कॅलेंडर एका तयार लायब्ररीचं होतं, क्लिक केलं की महिना उघडतो. कीबोर्डने उघडत नाही. उघडलं तरी प्रत्येक तारीख नुसता आकडा, "१४, क्लिकेबल", महिना नाही वर्ष नाही. आणि जन्मवर्षापर्यंत जायला मागचा महिना मागचा महिना करत शेकडो वेळा बटन दाबायचं. हे डोळस माणसालाही छळतंच.

आधी कॅलेंडरच दुरुस्त करायचा बेत होता. ग्रिड रोल, बाणांनी हलणारा फोकस, प्रत्येक तारखेला पूर्ण नाव, एस्केपने बंद. बरंचसं झालंही, पण मग टेस्ट करणाऱ्या ताईंना विचारलं (त्या रोज एनव्हीडीएवरच काम करतात) तर त्या म्हणाल्या, "अगं, माझी जन्मतारीख मला पाठ आहे, टाइप करू दे ना." झालं, कॅलेंडर काढून टाकलं. कॅलेंडर लागतं ते पुढच्या तारखा निवडताना, कुठला वार येतो ते बघायला. जन्मतारखेला नाही.

आता तीन साधी टेक्स्ट इनपुट आहेत, दिवस, महिना, वर्ष, फील्डसेटमध्ये, लेजंड "जन्मतारीख". ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिममध्येही हाच पॅटर्न आहे. टाइप नंबर वापरू नका, एनव्हीडीए त्याला स्पिन बटन म्हणतं, वरखाली बाण दाबला की आकडा बदलतो आणि माउसचं चाक फिरलं तरी बदलू शकतो. टाइप टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक ठेवलं की मोबाइलवर आकड्यांचा कीपॅडही येतो. दोन आकडे झाले की आपोआप पुढच्या बॉक्समध्ये उडी मारणारा कोड कोणीतरी सुचवला, तो घेतला नाही. ऐकत ऐकत टाइप करणाऱ्याचा फोकस न सांगता हलला की तो हरवतो, चुकलेला आकडा दुरुस्त करायला मागे आलं तर परत पुढे ढकलला जातो. ऑटोकम्प्लीटमध्ये बीडे-डे, बीडे-मंथ, बीडे-इयर दिलं.

१९ जून

ड्रॉपडाउन. शिक्षणाचा ड्रॉपडाउन डिव्हचा होता. त्याला आरियाने कॉम्बोबॉक्स करायचा प्रयत्न चालू होता, एक्सपांडेड, ॲक्टिव्ह-डिसेंडंट, सगळं. क्रोम आणि एनव्हीडीएमध्ये जमलं, व्हॉइसओव्हरमध्ये (ॲपलचा स्क्रीन रीडर) निवडलेला पर्याय ऐकू येईना, ते जमवलं तर मोबाइलवर टॉकबॅकमध्ये (अँड्रॉइडचा) यादी उघडल्याचंच कळेना. पर्याय किती होते? सात. सात पर्यायांसाठी साधा सिलेक्ट टॅग सगळीकडे चालतो, टाइप करून पर्यायावर जाता येतं, एकही ओळ जावास्क्रिप्ट लागत नाही. तोच लावला. दिसायला थोडा वेगळा दिसतो, त्याला मान्यता मिळवायला एक मीटिंग लागली, पण कॉम्बोबॉक्समागे गेलेल्या वेळापुढे ती काहीच नाही. आरियाच्या वापराचा पहिला नियमच हा आहे की एचटीएमएलमध्ये तयार गोष्ट असेल तर तीच वापरा.

२४ जून

चुका दाखवणं. सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फॉर्म सोडून जातात असं मला वाटतं, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी काय होतं: सगळं बरोबर भरेपर्यंत सबमिट बटन डिसेबल्ड. डिसेबल्ड बटनावर टॅब थांबतच नाही. ताई फॉर्मच्या शेवटी पोचल्या आणि बटनच सापडेना, त्यांना वाटलं फॉर्म अर्धवट लोड झालाय. आता बटन कायम चालू, दाबल्यावर काय राहिलं ते सांगतो.

मग ब्राउझरच्या स्वतःच्या तपासणीवर सोडून बघितलं. ती एका वेळी एकच चूक दाखवते, फुगा थोड्या वेळाने आपोआप जातो, आणि पुन्हा ऐकायचा तर परत सबमिट दाबावं लागतं. फॉर्मला नोव्हॅलिडेट लावून ती बंद केली.

मग प्रत्येक फील्ड सोडताना चूक लगेच सांगायची, रोल अलर्टने (मजकूर आला की स्क्रीन रीडर तो लगेच बोलतो). हे कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात टॅबने पुढच्या फील्डवर गेलं की मागच्या फील्डची चूक आणि नव्या फील्डचं नाव एकमेकांवर आदळतात, आणि "नाव आवश्यक आहे" ऐकलं तेव्हा आपण ईमेलवर असतो. काहीजण आधी सगळा फॉर्म टॅबने चाळून घेतात काय काय लागणार ते बघायला, त्यांना तर प्रत्येक पावलाला ओरडा. काढून टाकलं. सबमिट केल्यावर सगळ्या अलर्ट एकदम सोडल्या तर त्या एकमेकींना तोडतात आणि शेवटची काय ती नीट ऐकू येते, तेही बाद.

शेवटी जे टिकलं ते असं. सबमिट दाबल्यावर चुका असतील तर पानाच्या वर एक सारांशाचा बॉक्स येतो, त्यात हेडिंग आणि प्रत्येक चुकीची लिंक, आणि फोकस त्या बॉक्सवर जातो (टॅबइंडेक्स उणे एक, म्हणजे टॅबच्या वाटेत नाही पण कोडने फोकस देता येतो). लिंक दाबली की फोकस थेट त्या फील्डमध्ये. फील्डला आरिया-इनव्हॅलिड ट्रू, आणि चुकीची ओळ डिस्क्राइब्डबायमध्ये सूचनेच्या आधी, म्हणजे चूक पहिली ऐकू येते. त्यासाठी आरिया-एररमेसेज म्हणून वेगळं ॲट्रिब्यूट आहे पण सगळे स्क्रीन रीडर ते सारखं वाचत नाहीत, डिस्क्राइब्डबाय भरवशाचं. पानाच्या टायटलच्या सुरुवातीला "चूक:" येतं.

चुकीचा मजकूरही बदलला. "अवैध इनपुट" याने कोणालाच काही कळत नाही. "मोबाइल नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे लिहिलेत" असं लिहिलं की माणूस लगेच दुरुस्त करतो. लाल बॉर्डर आहेच, पण ती एकटी नाही.

एक तांत्रिक खाच. "माहिती साठवली" असा संदेश आरिया-लाइव्ह पोलाइटने (चालू बोलणं संपल्यावर बदल ऐकवणारं ॲट्रिब्यूट) देत होतो आणि तो कधी ऐकू यायचा कधी नाही. कारण संदेशाचा डिव्ह आणि मजकूर एकदमच पानात टाकला जात होता. डिव्ह आधीपासून रिकामा असायला हवा, मजकूर नंतर आत घालायचा, तर बदल झाल्याचं स्क्रीन रीडरला कळतं. रिॲक्टमध्ये कंडिशनने रेंडर करायची सवय असते तिथे हे हमखास घडतं. अक्षरं मोजणाऱ्या काउंटरलाही लाइव्ह लावलं होतं, प्रत्येक अक्षरामागे "४९९ शिल्लक, ४९८ शिल्लक", टाइप केलेलं ऐकूच येईना. आता टाइप करणं थांबल्यावर सांगतो.

२८ जून

बाकीचे स्क्रीन रीडर. जॉज विकत घ्यावं लागतं, पण लायसन्सशिवाय ४० मिनिटं चालतं, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट. काय काय तपासायचं ते आधी लिहून बसा म्हणजे ४० मिनिटं पुरतात.

मॅकवर सफारीत टॅब बटनांवर आणि चेकबॉक्सवर थांबेना, आधी बग वाटला, पण ते कीबोर्ड नेव्हिगेशनचं सेटिंग बंद होतं म्हणून. चालू करून मग टेस्ट करा. व्हॉइसओव्हर डिस्क्राइब्डबायचा मजकूर जरा थांबून वाचतं, भराभर टॅब मारणाऱ्याच्या कानावर तो पडतच नाही. म्हणून ज्या माहितीशिवाय फील्ड भरताच येणार नाही ती लेबलमध्येच घेतली, "पासवर्ड, किमान ८ अक्षरं" असं. बाकीचं सूचनेत राहिलं.

२ जुलै

ओटीपी आणि रोबोट अडवणं. ओटीपीसाठी सहा वेगळे बॉक्स होते, सहाही बिननावाचे, पेस्ट केलं तर पहिल्यात एकच आकडा. एकच इनपुट केलं, ऑटोकम्प्लीट वन-टाइम-कोड, आता मोबाइल स्वतःच कोड सुचवतो. ओटीपीची मुदत दिसणाऱ्या घड्याळात होती, तीही मजकुरात सांगितली आणि वाढवली. मेसेज ऐकायला दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यायला वेळ लागतो.

चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा काढला. त्याऐवजी हनीपॉट टाकला, म्हणजे माणसाला न दिसणारं एक फील्ड, जे फक्त बॉट भरतात. तो स्क्रीनच्या बाहेर ढकलून लपवलेला, आणि स्क्रीन रीडरला तो व्यवस्थित ऐकू येतो. लेबल "वेबसाइट". ताईंनी प्रामाणिकपणे स्वतःची वेबसाइट भरली आणि फॉर्म कुठलाही संदेश न देता नाकारला गेला. दिसत नाही म्हणजे नाही असं धरून चाललं की नेमकं अशा माणसालाच बॉट ठरवलं जातं. आता त्याला डिस्प्ले नन आहे (म्हणजे तो स्क्रीन रीडरलाही मिळत नाही), टॅबइंडेक्स उणे एक, आणि लेबल "हे रिकामं ठेवा".

६ जुलै

ताई आणि जॉज वापरणारे आणखी एकजण, दोघांनी पूर्ण फॉर्म भरला, मी मधे काही सांगायचं नाही असं ठरलेलं. दोघांचंही सबमिट झालं. तरी तीन गोष्टी निघाल्या.

फोटो. खरं फाइल इनपुट डिस्प्ले ननने लपवून वर एक सुंदर डिव्ह होता, कीबोर्डला तो नाहीच. इनपुट फक्त नजरेआड करणाऱ्या क्लासने लपवलं, फोकस त्यावर राहतो आणि बाह्यरेषा लेबलवर दिसते. फाइल निवडल्यावर तिचं नाव लाइव्ह डिव्हमध्ये येतं.

पान बदलणं. "पुढे" दाबलं की रिॲक्ट मजकूर बदलतो पण पान लोड होत नाही, म्हणून स्क्रीन रीडर गप्प. जॉजवाले परत परत "पुढे" दाबत राहिले. आता नवीन पानाच्या हेडिंगवर फोकस जातो आणि टायटल "पान २, एकूण ३" असं बदलतं. शेवटच्या पोचपावतीच्या पानालाही तेच केलं.

सेशन. त्यांना वेळ जास्त लागला आणि सर्व्हरने न सांगता बाहेर काढलं, भरलेलं सगळं गेलं, पहिल्यापासून भरावं लागलं. डब्ल्यूसीएजी म्हणतं मुदत संपायच्या आधी सांगा, वाढवायला किमान २० सेकंद द्या आणि किमान दहा वेळा वाढवू द्या. तो डायलॉग केलाय, पण मला तो पुरेसा वाटत नाही, प्रत्येक पान सर्व्हरवर मसुदा म्हणून साठवायला हवं. बॅकएंडला तिकीट टाकलंय, ते होईपर्यंत मुदत वाढवून घेतली आहे. मसुद्याचं काम झालं की त्या दोघांनाच परत भरायला देणार आहे, यावेळी मधेच ब्राउझर बंद करून.